राईस मिलमधला उन्हाळा मोजा

ऊन लागते ते उघड्यावर राबणाऱ्याला, छपराखालच्या कामगाराला कसली भीती, हा समज साकोलीच्या पट्ट्यात घट्ट बसला आहे. उष्णतेच्या लाटेचे इशारेही दुपारी बाहेर पडू नका असेच बजावतात. उकडा तांदूळ काढणाऱ्या राईस मिलमध्ये मात्र धोका आतच आहे. तिथे धान भिजवून वाफेवर उकडतात, गरम हवेने वाळवतात; बॉयलर कोंड्यावर पेटलेला आणि डोक्यावर मे महिन्यातला पत्रा. वेधशाळेचा आकडा मोकळ्या हवेतल्या, सावलीतल्या तापमापकाचा असतो, या शेडमधला नव्हे. घाम वाळला तरच अंग निवते. वाफाळलेल्या हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणूनच 1948 च्या कारखाना कायद्याखालील नमुना नियमांनी मर्यादा घातली ती ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावर: 30 अंश सेल्सिअस, आणि हवेचा वेग मिनिटाला किमान 30 मीटर.

‘आपली माणसे उन्हातच वाढली, त्यांना सवय आहे,’ असेही सांगतात. सवय होते, हे खरे. पण ती अंगात मुरायला एक-दोन आठवडे लागतात आणि काम सुटले की ओसरते. नव्या हमालाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी पोती वाहायला लावणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

पंखे लावले की भागले? जागतिक आरोग्य संघटना 40 अंशांच्या खालीच पंख्यावर विसंबायला सांगते. माठ ठेवला तरी, धड शौचालय नसेल तिथे बाया दिवसभर पाणी टाळतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. याची मला सर्वांत जास्त चीड येते. थंड पाण्याची सक्ती त्या कायद्याने 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यावरच केली होती. आपल्या किती गिरण्यांत एवढी माणसे असतात?

विश्रांतीने काम बुडते, हा आक्षेप तर टिकतच नाही. तापलेले शरीर आपोआप मंदावते, लक्ष उडते, आणि फिरत्या पट्ट्यांजवळ एक घेरीसुद्धा हात घेऊन जाते.

मालकांनो, नवतपा लागण्याआधी शेडमध्ये ओला-कोरडा तापमापक टांगा. पत्र्यावर चुना मारा, छपराच्या माथ्याला गरम हवेला वाट द्या, वाफेच्या नळ्यांना वेष्टन घाला, भर दुपारी पाळी थांबवा. विश्रांतीच्या वेळेची मजुरी कापू नका. आणि कारखाना निरीक्षकांनी तपासणीला यावे ते मे महिन्यात, दुपारी तीन वाजता.