एन्ट्री 18 डॉलर

रोहा आगारात मी बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. रोहा-पेण गाडीत नागोठणं येईपर्यंत साठ जणांना ‘कुठं जायचंय?’ विचारून झालेलं असायचं. असा माणूस मेलबर्नच्या हॉटेलात एक साधा प्रश्न विचारायला लाजला.

लेक कामावर गेली होती. मी आणि आमची ही, दोघंच जेवायला बाहेर पडलो. हॉटेलच्या दारातल्या फळ्यावर मी वाचलं, ‘एन्ट्री’, पुढे 18 डॉलर. ही म्हणाली, ‘‘आत बसायचेच हजार रुपये? चला घरी, पिठलं टाकते.’’ दहा मिनिटं आम्ही फुटपाथवर उभे. शेवटी पोटाने निकाल दिला. संध्याकाळी लेकीने हसत सांगितलं की तो फ्रेंच शब्द, उच्चार ‘ऑन्त्रे’, आणि ऑस्ट्रेलियात त्याचा अर्थ जेवणाआधीचा छोटा पदार्थ. अमेरिकेत मात्र तोच शब्द मुख्य जेवणाला लावतात. इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांचं जिथे पटत नाही, तिथे रोह्याच्या कंडक्टरने का ओशाळावं?

वाढणाऱ्या मुलीने ‘बारामुंडी’ घ्या म्हटलं. खास इथला मासा म्हणून कौतुकही केलं. नाव असं भारदस्त की काहीतरी अपूर्व असणार वाटलं. 38 डॉलर मोजायची तयारी केली. हिने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘अहो, हा तर जिताडा!’’

हिचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. तिकडे खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून घरच्या तळ्यात सोडायची, वाढवायची आणि जावई आला की जाळं टाकायचं. तो जावई मीच. बारामुंडी हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतून आलेलं नाव. हाच मासा गोव्यात चोणक आणि कोलकात्यात भेटकी. सासऱ्यांच्या तळ्यातला मासा मी विमानाने जाऊन विकत घेतला होता, तोही काटे काढलेला!

मुलगी धावत आली. काही चुकलं का, तिला कळेना. मी माझ्या इंग्रजीत समजावलं, धिस फिश, फ्रॉम पेण. तिने ‘शुअर’ म्हणत खिशातलं बॉलपेन काढून माझ्या हातात दिलं. मग त्याच पेनाने मी कागदी रुमालावर मुंबई काढली, खाली पेण, त्याखाली रोहा. पुढची पंधरा मिनिटं ती आमच्याच टेबलाशी होती.

आपल्याकडच्या सहल कंपन्या आचारी बरोबर नेतात आणि आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात वाढतात. वयस्करांना, शाकाहारी मंडळींना ही सोय हवीच. थायलंडमध्ये भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. अमेरिकेत ‘पेपरोनी’ म्हणजे मांस, आणि इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. तिथला गैरसमज हसण्यावारी नेता येत नाही. पण ज्यांना सगळं चालतं, त्यांनीही पंधरा दिवस घरचंच जेवून परत यावं, हे मला पटत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी इटलीत कॉफी म्हणून ‘लाते’ मागितली आणि ग्लासभर दूध पिऊन आले. इटालियनमध्ये लाते म्हणजे दूधच. त्या सहलीतलं ते दूध त्यांना अजून आठवतं. पिसाचा मनोरा मात्र फोटो काढून बघावा लागतो.

पेणचे गणपती दरवर्षी बोटीने परदेशी जातात. त्यांचं बरं आहे, नैवेद्य ठरलेला. आपल्याला विचारावंच लागतं.

आणि न विचारण्याची खोड परदेशापुरतीच आहे असंही नाही. गेल्या जानेवारीत पुण्याचे व्याही रोह्याला आले. ‘आज पोपटी लावू’ म्हटल्यावर विहीणबाईंचा चेहरा उतरला. रात्री मडकं उघडलं, भांबुर्ड्याच्या वासाबरोबर वालाच्या शेंगा आणि अंडी बाहेर आली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. बाई दुपारभर पोपटाच्या काळजीत होत्या, पण एका शब्दाने विचारलं नाही.

थंडीत तुम्हीही या रोह्याला. पोपटीत पोपट नसतो.