गाठी मोजता, मग दिवस का मोजत नाही?

इराणमधल्या कोम शहराचा रेशमी गालिचा विकताना दुकानदार तो आधी उलटा करतो. पाठीमागच्या गाठी मोजून दाखवतो. एका चौरस इंचात ६०० गाठी! संग्राहक वाकून पाहतो, मान डोलावतो, किंमत चढते. मग वरच्या काठावर विणलेले नाव वाचले जाते. नामांकित कारखाना निघाला की किंमत आणखी चढते. ते नाव कारखानदाराचे असते. जिने गाठी बांधल्या तिचे नाव ना काठावर, ना पावतीवर.

मोजायलाच बसलो आहोत, तर थोडे पुढे मोजू. मीटरभर रुंद आणि दीड मीटर लांब अशा गालिच्यात या हिशेबाने सुमारे १४ लाख गाठी होतात. सराईत हाताने दिवसाला ८,००० गाठी बांधल्या, तर एकट्या बाईला १७४ दिवस लागतील. एकही सुट्टी न घेता जवळजवळ सहा महिने! संग्राहकांच्या रंगीत, जाडजूड पुस्तकांत हा हिशेब सहसा नसतो. तिथे असते रेशमाची चमक, नक्षीचा उगम. विणणारीच्या वाट्याला येते एखादे वाक्य: तिची नाजूक बोटे, तिचा उपजत संयम.

हा ‘उपजत संयम’ आपल्या चांगला ओळखीचा आहे. बाईचे कसब हा तिचा स्वभावच ठरवला, की त्याची मजुरी देण्याचा प्रश्न मिटतो. स्वयंपाक, बाळंतपण, शिवण, विणकाम. सगळीकडे हीच युक्ती.

२०१० साली युनेस्कोने काशान आणि फार्स इथल्या गालिचा विणकामाला वारशाच्या यादीत स्थान दिले. काशानमध्ये दर तिघांपैकी जवळजवळ एक जण या धंद्यात आणि विणणाऱ्यांत दोन तृतीयांशांहून अधिक बायका, असे त्या नोंदीतच म्हटले आहे. विणणे आई-आजीकडून मुलीकडे येते. नक्षी काढणे, रंगाई, माग बांधणे हे मात्र पुरुष शिकतात. उस्ताद म्हणून मान कोणाला आणि सहा महिने मागावर वाकून कोण, हे वेगळे सांगायला नको.

ही वाकलेली पाठ नुसती उपमा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केरमानमधल्या मिशनरी डॉक्टरांकडे अशा तरुणी येत, की लहानपणापासून अंधाऱ्या, दमट खोल्यांत मागावर बसून त्यांच्या कमरेची हाडे वाकडी झालेली असत. बाळंतपण जिवावर बेते. १९२३ साली तिथल्या राज्यपालाने हुकूम काढला: मुलींना दहा आणि मुलांना आठ वर्षांच्या आत मागावर बसवू नये, काम आठच तास असावे. म्हणजे त्याआधी काय चालले होते, याची कल्पना करा.

आणि आज? इराणच्या १९९० च्या कामगार कायद्याचे १८८ वे कलम पाहा. जिथे फक्त मालक, त्याची बायको आणि जवळचे रक्ताचे नातलग काम करतात, असा कौटुंबिक कारखाना कायद्याच्या बाहेर. माग घरात आणि मालक बाप किंवा नवरा, तर विणणारी कामगारच नव्हे. ती ‘मदत’ करते!

दुसऱ्या टोकाला बाजार आहे. जून २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक जुना रेशमी इस्फहान गालिचा ४४ लाखांहून अधिक डॉलरना गेला. अशा लिलावाच्या सूचीत गालिचा कोणकोणत्या धनिकांच्या घरी होता, याची वंशावळ छापतात. ती वंशावळ मागावरून उतरल्यानंतरच सुरू होते.

“मग काय, बहिष्कार घालायचा?” असा प्रश्न लगेच येईल. नाही. अमेरिकेने २०१० आणि पुन्हा २०१८ मध्ये इराणी गालिच्यांची आयात बंद केली. अशा बंदीत व्यापारी माल दाबून ठेवू शकतो. घरात माग असलेल्या बाईचे कामच थांबते. तिच्या हातचे काम काढून घेणे हा न्याय नव्हे.

हा प्रश्न इराणच्या बायकांचाच नाही. सोलापुरात घरी बसून बिड्या वळणाऱ्या आपल्या बहिणींनाही ‘फावल्या वेळचे काम’ म्हणूनच हिणवले गेले. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले, ते संघटनांच्या लढ्यामुळे. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली करार क्रमांक १७७ केला. त्यावर मान्यतेची मोहोर ना इराणने उमटवली, ना भारताने. दोन्ही सरकारांना हस्तकलेचा अभिमान मात्र भारी!

म्हणून मागणी साधी आहे. काठावर विणणारीचेही नाव हवे. पावतीवर गाठींसोबत दिवसही हवेत आणि त्या दिवसांची मजुरी तिच्या स्वतःच्या हातात हवी. घरातला माग हे कामाचे ठिकाण मानून विमा आणि निवृत्तिवेतन हवे. आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी ‘बायकांच्या हातची जादू’ म्हणून एखादी वस्तू दाखवली, तर कौतुक करण्याआधी विचारा: या जादूचा रोज किती दिलात?