इंजिनिअर गुरुजी होईल. पण कोणत्या पगारावर?

खेड्यातला शिक्षक प्रशिक्षित हवा, शेतकरी वर्गातला हवा आणि त्याला किमान १२ रुपये पगार हवा, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती.

आज आपल्या वस्त्यांत इंजिनिअर झालेली मुले-मुली बेकार आहेत आणि कित्येक खेड्यांत गणित-विज्ञानाला शिक्षक नाही. २०१४ च्या नियमावलीने अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के गुणांवर बी.एड.चे दार उघडले. पुढे काय? दोन वर्षे फी भरायची, 'पवित्र' पोर्टलकडे डोळे लावायचे आणि निवड झालीच तर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून राबायचे. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढले, ते १८ हजारांवर! कर्ज काढून शिकलेला तरुण यावर खेड्यात टिकेल कसा?

अभियांत्रिकीच्या राखीव जागेची वाट गावातल्या गणिताच्या तासातूनच जाते. मूल तिथेच गळाले तर आरक्षण कागदावर उरते.

म्हणून शासनाने या उमेदवारांची बी.एड.ची फी माफ करावी, अध्यापनाचा सराव खेड्यातल्याच शाळेत द्यावा आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावे. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आहे. शिकवणाऱ्यालाच उपाशी ठेवणारी व्यवस्था तो आदेश पाळू देणार नाही. संघटित होऊन तिला जाब विचारलाच पाहिजे!