उन्हात दिसेल असा फोन द्या!

घडीचे फोन २०१९ पासून बाजारात आहेत. तरी हॉस्टेलवर कुणी तसला फोन काढला की अजून घोळका जमतो. मी पण असतो त्यात, खोटं कशाला बोला!

पण मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो होतो. बाबा कांद्याच्या ढिगाजवळ उभे राहून फोनवर बाजारभाव बघत होते. टोपी काढून स्क्रीनवर सावली धरलेली, तरी बाराशे की सतराशे ते कळेना. मला हाक मारली. मलाही दिसेना. म्हणे इंजिनिअर होणार!

आपला स्क्रीन स्वतः उजेड पाडतो. म्हणजे सूर्याशी स्पर्धा, आणि त्यात बॅटरीचा बळी. ई-इंकचं गणित उलटं. बारीक कॅप्सूलमध्ये काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात, व्होल्टेज दिलं की वर-खाली सरकतात. वाचायचं कागदासारखं, ऊन जितकं कडक, तितकं स्पष्ट. वीज लागते ती फक्त चित्र बदलताना.

हे काही आजचं नाही. मोटोरोलाचा एफ-३ २००६ सालीच भारतात आला होता. पण त्यावर अक्षरं ठरावीक रेघांची, मेसेज वाचणं म्हणजे शिक्षाच. २०१३ चा योटाफोन ई-इंक पाठीवर घेऊन आला. दोन्ही गेले. व्हिडिओ त्यावर धड दिसत नाही, मान्य. पण बाबांना भाव बघायचाय, पिक्चर नाही!

म्हणून फायनल इयरचा प्रोजेक्ट हाच घेतोय. फोनच्या मागच्या कव्हरवर छोटा ई-इंक पॅनेल, त्यावर फक्त बाजारभाव आणि हवामान. सरांना दाखवला. सर म्हणाले, "छान आहे, पण यात एआय कुठंय?"