आडनाव एक म्हणून वंश एक नव्हे

गेल्या लग्नसराईत आमच्या पिंपळगाव रेणुकाईत, एका मांडवात, मोबाइलवरचा एक तक्ता मोठ्यानं वाचला गेला. आडनाव, वंश, गोत्र, देवक, निशाण, मूळ गादी असे रकाने. ऐकता ऐकता जळगावकडचे एक पाहुणे उठले आणि यजमानांना मिठी मारून म्हणाले, “आडनाव एकच, म्हणजे आपण एकाच रक्ताचे!” शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी शांतपणे विचारलं, “पाव्हणं, मूळ गाव कोणतं? कुलस्वामिनी कोणती? देवक काय?” तिन्ही उत्तरं वेगळी निघाली. बाबांनी एवढंच म्हटलं, “मग सोयरीक जमंल, भाऊकी नाही.”

माझं म्हणणं बाबांच्या बाजूचं आहे. आडनाव सारखं म्हणजे मूळपुरुष एक, हा समज आज शिकलेली माणसंच जास्त पसरवतात. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी घराण्यांचा खरा इतिहास झाकला जातो.

आमच्या गावाच्या नावाकडेच पाहा. निफाडकडे पिंपळगाव बसवंत आहे, पाचोऱ्याकडे पिंपळगाव हरेश्वर, जुन्नरकडे पिंपळगाव जोगा, खामगावकडे पिंपळगाव राजा. या सगळ्या गावांची वस्ती एका बापाची लेकरं आहेत, असं कुणी म्हणत नाही. पिंपळ सगळीकडे उगवतो, म्हणून पिंपळगावं सगळीकडे झाली. आमच्या गावाला ओळख मिळाली ती ‘रेणुकाई’ या शब्दानं. आता समजा, या पाच गावांतून पाच कुटुंबं शहरात गेली आणि पाचही जण पिंपळगावकर झाले. पन्नास वर्षांनी त्यांचे नातू एकमेकांना भाऊबंद म्हणू लागले, तर ते कितपत खरं?

गावावरून पडलेल्या नावांचं जे, तेच कामावरून आणि हुद्द्यावरून पडलेल्या नावांचं. ‘पाटील’ हा गावच्या मुखत्याराचा हुद्दा. गाव तितके पाटील. म्हणूनच मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, मुसलमान, सगळ्यांत पाटील सापडतात. मुलकी पाटलाचं पद १९६२च्या कायद्यानं रद्द झालं, आडनाव मात्र राहिलं. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचीही गोष्ट हीच.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव म्युलर. वेदांचे अभ्यासक म्हणून आपल्याला माहीत असलेले मॅक्स म्युलर याच आडनावाचे. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. गावोगावी ओढ्यावर गिरणी होती, म्हणून गावोगावी म्युलर झाले. शुल्झ हे आडनाव आलं गावप्रमुखाच्या हुद्द्यावरून, म्हणजे तो तिकडचा पाटीलच. मायर म्हणजे जमीनदाराच्या शेतीवाडीचा कारभारी. एक म्युलर दुसऱ्या म्युलरचा नातलग आहे की नाही, हे तिथे चर्चची आणि नोंदणी कचेरीची दप्तरं गावनिहाय चाळूनच ठरवावं लागतं. आडनाव तिथेही पुरावा म्हणून चालत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. जाधव हे यादववरून आलं, मोरे हे मौर्यवरून, हे खोटं का? शब्दापुरतं ते मला मान्य आहे. ‘य’चा ‘ज’ होणं मराठीत नेहमीचं, यात्रेची जत्रा होते तसं. पण शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध झाली म्हणजे वंशावळ सिद्ध झाली नाही. शेजारच्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव १६२९ साली देवगिरीच्याच किल्ल्यात मारले गेले. देवगिरीचं यादव राज्य बुडालं ते १३१८च्या सुमारास. मधल्या तीनशे वर्षांत पिढ्यांची साखळी जोडायची तर प्रत्येक कडीला कागद हवा, निदान शिलालेख हवा. सिंदखेडच्या घराण्यापुरतं हे काम इतिहासकारांनी करावं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जाधवाला एका वाक्यात देवगिरीच्या गादीवर नेऊन बसवणं म्हणजे इतिहास नव्हे. शहाण्णव कुळांच्या ज्या याद्या छापल्या जातात, त्या तरी एकमेकींशी कुठे जुळतात?

आडनावं इंग्रजांनी दिली, हे दुसरं टोकही तितकंच पोकळ. मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि आडनावं इथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. शाळेच्या दाखल्यानं आणि कचेरीच्या दप्तरानं ती पक्की केली, एवढंच.

मग आडनावाला किंमत नाही का? आहे, फार मोठी आहे. पण ते गावाशी जोडून वाचलं तरच. आमचा तालुका भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथून गेलेल्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं आणि दगडावर नावासोबत भोगवर्धन हे गाव कोरून घेतलं. आडनाव त्यांना नव्हतं, गाव होतं. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय आजही नामावळीची वही उघडण्याआधी आडनावाबरोबर गाव विचारतात. आमच्या मिरचीच्या बाजारातही तेच. हिरव्या मिरचीची पोती काट्यावर चढली की पट्टीवर नुसतं आडनाव लिहून भागत नाही. नाव, वडिलांचं नाव, गाव लागतंच, नाहीतर एकाच्या मालाचे पैसे दुसऱ्याच्या हाती जातात.

त्या तक्त्यात आणखी एक मोठी उणीव आहे आणि ती मला सर्वांत जास्त सलते. त्यात बाई कुठेच नाही. आईचं माहेर, आजीचं माहेर, पणजीचं माहेर, म्हणजे आपल्या निम्म्याहून अधिक पूर्वजांची गावं आणि आडनावं, त्या एका रकान्यात पुसली जातात. दप्तरातही ती सहसा सापडत नाहीत. ती फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगणं आहे. तो तक्ता पुढे पाठवू नका. त्याऐवजी एक साधी वही घ्या आणि आजीजवळ बसा. तिचं माहेर कोणतं, तिच्या आईचं कोणतं, कुलस्वामिनी कुठली, शेत कोणत्या शिवारात होतं, गाव सोडलं ते कोणत्या दुष्काळात, हे तिच्या शब्दांत उतरवून घ्या. आणि हे या दिवाळीच्या सुट्टीतच करा.