‘जाता जाता’ तेवढंच करू या ना!

वीकेंड ट्रिपचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? पाऊस? ट्रॅफिक? शनिवारीच मीटिंग लावणारा बॉस? चूक! शत्रू म्हणजे दोन साधे, निरागस मराठी शब्द : ‘जाता जाता’.

कँटीनमध्ये कटिंग मारताना प्लॅन शिजायला लागतो. भंडारदऱ्याला जायचं, एवढंच ठरलेलं असतं. मग एक जण म्हणतो, ‘जाता जाता कळसूबाई करू.’ दुसरी म्हणते, ‘रतनगड तिथून जवळच आहे की!’ तिसऱ्याला ‘येता येता’ हरिश्चंद्रगड हवा असतो, म्हणजे माळशेज घाटातून परतता येईल. मोबाइलच्या नकाशावर हे सगळं अंगठ्याखाली मावतं. दोन दिवसांत मावत नाही, कारण तो नकाशा गाडीचा वेळ सांगतो. गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्यांचं त्याला काही माहीत नसतं.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पाच जण निघालो, तेव्हा या गुडघ्यांवरूनच चर्चा रंगली. पाचातल्या दोघांनाच गाडी येते, त्यातलीही एक घाटात स्टिअरिंग हातात घ्यायला तयार नसते. म्हणजे हिशेब सरळ होता. जाताना तोच चालवणार, डोंगरही तोच चढणार आणि रविवारी आम्हाला घरी आणून सोडणारही तोच. बाकीचे मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपणार. मग प्लॅन कुणाच्या तब्येतीला सोसेल असा करायचा? त्याच्याच ना!

म्हणून आमचा फंडा ठरला : एका ट्रिपमध्ये मोठी चढाई एकच, आणि ती पहिल्या दिवशी. चढाईनंतर लांबचं ड्रायव्हिंग नाही. मध्ये एक पूर्ण रात्र झोप. बाकी सगळं ‘झालं तर झालं’.

शुक्रवारी रात्रीची पार्टी आम्ही कॅन्सल केली. ड्रायव्हरसाहेब दहाला झोपले (त्यांच्या आईसाहेबांनाच ही बातमी खरी वाटेना). पहाटे साडेचारला ठाणं सोडलं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता यायला लागला. पण बोगद्यात कसला सीन दिसणार? म्हणून जाताना मुद्दाम जुना नाशिक हायवे घेतला. घाट चढता चढता उजाडलं, दरीतलं धुकं दिसलं आणि मागची सीट चक्क जागी झाली! घोटीला चहा, नाश्ता, टाकी फुल्ल. आणि उजवीकडे वळून बारी गाव.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वाट सरळ आहे, कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वर कळसूबाईचं छोटंसं देऊळ. वाट सोपी म्हणून चढ सोपा नाही हं! चढायला साडेतीन तास, उतरायला अडीच, त्यात फोटो आणि लिंबूसरबताचे हॉल्ट आलेच. खरी मजा उतरताना असते. मांड्या थरथरायला लागतात, पावलं आपोआप पडतात. आणि याच पायांनी पुढे क्लच-ब्रेक सांभाळायचे असतात. दमलेला ट्रेकर फार तर मागे राहतो, पण दमलेला ड्रायव्हर चार जणांना बरोबर घेऊन दमलेला असतो.

बारीतल्या एका घरी चढण्याआधीच जेवण सांगून ठेवलं होतं. खाली आलो तर पिठलं-भाकरी, ठेचा तयार. त्यानंतर फक्त शेंडीपर्यंतचा छोटासा पल्ला आणि मुक्काम.

रविवारी सकाळी अपेक्षेप्रमाणे घोषणा झाली : ‘एवढं आलोच आहोत, तर रतनगड उरकून टाकू!’ सगळ्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘मी फ्रेश आहे रे.’ हे म्हणताना तो खुर्चीचा हात धरून उठत होता! विषय तिथेच संपला. मित्राच्या शब्दापेक्षा त्याच्या चालण्यावर विश्वास ठेवावा.

आणि काही बिघडलं का? प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. तो आरामात केला. रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी तासभर पाहिली. रतनगडाचं नेढं खालूनच बघितलं. साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत चालत गेलो आणि परतलो. घाटघरला कड्यावरून खाली कोकण दिसलं, तेव्हा रतनगडवालीही गप्प झाली. सगळं मिळून दोनेक तासांची पायपीट. दुपारी निघालो ते इगतपुरीहून समृद्धीने. दमलेल्या ड्रायव्हरला सीन नको असतो, सरळ रस्ता हवा असतो. (बाइकवाल्यांनो, तुम्हाला समृद्धीवर प्रवेश नाही. तुम्हाला परतताना कसाराच. म्हणजे आणखी लवकर निघा.) अंधार पडायच्या आत सगळे घरी आणि सोमवारी पाचही जण ऑफिसात!

रतनगड गेला कुठे? तो आहे तिथेच आहे. त्याच्यासाठी वेगळा वीकेंड काढू.

निघण्याआधी

• सीझन : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, घाटात दरडी कोसळतात, धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचे आदेशही निघतात. सांदण दरीत तर पाणी भरतं, तिथे पावसात जायचंच नाही. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

• घाट : ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. न्यूट्रल बिलकुल नाही. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

• वेळ : नोव्हेंबरात सहाला सूर्य मावळतो. दुपारी बारा वाजले की माथा गाठलेला असो वा नसो, मागे फिरा.

• सामान : माणशी तीन लिटर पाणी, टॉर्च, रोख पैसे. रेंजवर भरवसा नको, नकाशा आधीच डाउनलोड करा. रिकाम्या बाटल्या गाडीत परत.

• आणि पहिला प्रश्न : ‘कुठे जायचं?’ हा नंतर. आधी विचारा, ‘गाडी कोण चालवणार?’ पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, ही त्याची ड्यूटी!