मालक बदलतील, मुंबई सिटी आमचीच!

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधला आपला हिस्सा सोडला. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या या समूहाने २०१९ मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. जाताना त्याने इंडियन सुपर लीगच्या भवितव्याविषयीच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवले आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हाती आला. ही बातमी ऐकून अनेकांना आपले जुने म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. ‘हा मुळात क्लब नव्हताच, परदेशी भांडवलाची एक शाखा होती, भांडवल गेले, आता उरले काय?’ असा त्यांचा सवाल आहे.

मी या संघाचा पाठीराखा आहे आणि या सवालाला उत्तर देणे हे माझे काम समजतो. ‘उरले काय?’ या दोन शब्दांमागे चार आक्षेप दडलेले आहेत. मुंबईला फुटबॉलची परंपरा नाही. या संघाचे यश पैशाचे आहे. त्याला प्रेक्षक नाहीत. आणि त्यात मुंबईची, महाराष्ट्राची मुले नाहीत. चौघांचा एकच गलका झाला की ते भारी वाटतात. म्हणून एकेकाला समोर घेऊ.

पहिला आक्षेप परंपरेचा. फुटबॉल कोलकात्याचा, गोव्याचा, केरळचा. मुंबई क्रिकेटची, असे सर्रास बोलले जाते. हे बोलणाऱ्यांनी मुंबईतल्या कूपरेज मैदानाचा इतिहास पाहावा. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा मुंबईत १८९१ मध्ये सुरू झाली. कोलकात्याची मानाची आयएफए शील्ड त्यानंतर दोन वर्षांनी आली. हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा रोव्हर्स जिंकला, तो याच शहरात. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग यांनाही कूपरेजवर येऊन स्वतःला सिद्ध करावे लागे. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया या संघांत खेळून कित्येक मुलांनी नोकरी मिळवली आणि घर चालवले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशाचे विजेतेपद मुंबईत आणले.

मग हे सगळे गेले कुठे? याचे उत्तर कडू आहे. गिरण्या मिटल्या आणि त्यांचे संघ मिटले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसला नाही. पुण्याची कथाही वेगळी नाही. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका मोसमात आटोपला, डीएसके शिवाजीयन्स थांबला आणि एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. महाराष्ट्रात फुटबॉलची परंपरा होती, पण तिला वारस उरत नव्हते. संघ कंपनीचा असे, कंपनीच्या वहीतला खर्च असे. साहेब बदलला की त्या खर्चावर पहिली काट बसे. ही पडझड पाहिलेल्या माणसाला मुंबई सिटीचे टिकणे क्षुल्लक वाटणार नाही. २०१४ साली सुरू झालेला हा संघ आज महाराष्ट्राच्या व्यावसायिक फुटबॉलचा पहिल्या फळीतला वारस आहे. परंपरा नाही म्हणून त्याला हिणवणे म्हणजे त्याच्या पूर्वजांचीच ओळख नाकारणे.

दुसरा आक्षेप पैशाचा. यश विकत घेतले, असे म्हणतात. पैशाने यश येत असते तर ते पहिल्याच वर्षी आले असते. त्या दिवसांत आमच्याकडे निकोला अनेल्का होता, फ्रेडी युंगबर्ग होता, पुढे दिएगो फोर्लान आला, मालकांत रणबीर कपूरसारखे नाव होते. चषक मात्र एकही आला नाही. २०१५ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाने आम्हाला ७-० असे हरवले. नावे होती, खेळाला घडी नव्हती. शिवाय लीगमध्ये सर्वच संघांच्या पगारावर मर्यादा होती. एकाने तिजोरी उघडावी आणि बाकीच्यांनी बघत बसावे अशी स्थिती नव्हती.

बदल झाला तो पद्धतीत. सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू, मंदार राव देसाई हे त्यांचे एफसी गोवातले जुने खेळाडूही आले. गोव्याच्या चाहत्यांच्या मनात याचा सल आहे आणि तो मला रास्त वाटतो. पण पुढे काय झाले तेही पाहा. त्या मोसमात संघाने साखळीत अव्वल राहून लीग शील्ड घेतली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यालाच अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ असे नमवून चषकही घेतला. ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने निर्णायक गोल केला. त्यानंतर लोबेरा गेले आणि डेस बकिंगहॅम आले. २०२२-२३ मध्ये संघ सलग १८ सामने अपराजित राहिला. २० सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल करून त्याने पुन्हा शील्ड जिंकली. बकिंगहॅम २०२३-२४ च्या मोसमाच्या मध्यातच इंग्लंडला परतले. त्यांच्या जागी आलेल्या पेत्र क्रात्की यांनी त्याच मोसमात चषक जिंकून दाखवला. तीन प्रशिक्षक, तीन स्वभाव, पण मागून खेळ बांधत आणायचा आणि बाजूने वेगाने हल्ला करायचा हा बाणा तिघांच्याही काळात टिकला. एका माणसाबरोबर विकत आणलेले यश त्या माणसाबरोबर निघून जाते. हे गेले नाही.

आशियातली कामगिरी घ्या. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया या एअर फोर्स क्लबला मुंबई सिटीने २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला हा पहिला विजय. गटात सात गुण घेऊन आम्ही दुसरे आलो. याच गटात सौदीच्या अल शबाबकडून आम्ही ३-० आणि ६-० असे हरलो, आणि २०२३-२४ च्या स्पर्धेत सहाच्या सहा सामने गमावले, हेही मी लपवत नाही. आशियाच्या वरच्या पायरीपासून आपण किती दूर आहोत हे त्या पराभवांनी दाखवले. पण ते अंतर मोजायला तिथे जावे लागते आणि जाण्याचा हक्क मैदानावर कमवावा लागतो. तो या संघाने दोनदा कमावला.

तिसरा आक्षेप प्रेक्षकांचा. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर साठ हजार माणसे येतात आणि अंधेरीला काही हजार, ही तुलना नेहमी पुढे केली जाते. आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मोहन बागानची स्थापना १८८९ ची, ईस्ट बंगालची १९२० ची. तिथे आजोबांचा संघ नातवाला आपोआप मिळतो. मुंबई सिटीच्या पहिल्या सामन्याला आठ वर्षांचा असलेला मुलगा आज नुकताच विशीत आला आहे; त्याला अजून मुले व्हायची आहेत. कोलकात्याने चार पिढ्यांत कमावलेली निष्ठा आमच्याकडे एका तपात मागणे न्यायाचे नाही. शिवाय अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातले मैदानच लहान आहे. तिथे साठ हजार माणसे मावतीलच कशी?

वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या चाहत्यांच्या गटाची पोरे त्या लहान मैदानावर नव्वद मिनिटे उभी राहून गातात, आठवड्याच्या मधल्या दिवशी नोकरी आटोपून, शेवटची लोकल डोक्यात ठेवून. संघ ०-२ ने मागे असतानाही त्यांचा ढोल थांबत नाही. त्यांना मोजताना दुर्बीण उलटी धरू नये.

आणि साठ हजारांचा दबाव काय असतो हे या संघाला ठाऊक आहे. १५ एप्रिल २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानने आम्हाला २-१ असे हरवून शील्ड हिसकावली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ मे रोजी, त्याच मैदानावर, साठ हजारांहून अधिक विरोधी प्रेक्षकांसमोर बागानशीच चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराच्या तोंडावर कमिंग्जने बागानला आघाडी मिळवून दिली. मग परेरा दियाझ, बिपिन आणि शेवटी व्होईतुश यांनी गोल केले आणि सामना आम्ही ३-१ असा जिंकला. ज्या संघाला स्वतःचा पाया नाही तो असल्या मैदानावर एक गोल खाल्ल्यावर कोसळतो.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण त्यात सत्याचा अंश मोठा आहे. संघात मुंबईची आणि महाराष्ट्राची मुले फार थोडी दिसतात. तरी ‘नाहीत’ म्हणणे खोटे आहे. रियाधमधल्या त्या ऐतिहासिक सामन्यातला विजयी गोल कॉर्नरवर उंच झेपावून हेडरने करणारा राहुल भेके मुंबईचा. २०२४ चा चषक सॉल्ट लेकवर उचलणारा कर्णधारही तोच. २०२१ च्या अंतिम सामन्यात जबर टक्कर होऊन ज्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले तो अमेय रानवडेही मुंबईचाच. आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांना ही दोन नावे ठाऊक आहेत?

दुसरे असे की मुंबईकर कोण, हे या शहराने जन्मदाखला बघून कधीच ठरवलेले नाही. कोकणातून, घाटावरून, देशाच्या कानाकोपऱ्यातून कामाला आलेल्या माणसांनी हे शहर उभारले. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे इथे येऊन घडला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू सलग दोन वर्षे ठरला आणि या संघाचा कर्णधार झाला. मणिपूरचा बिपिन इथेच नावारूपाला आला. ईशान्येच्या मुलांना जिथे रस्त्यावर परके समजून हाका मारल्या जातात त्या देशात, मुंबईची पोरे छांगटेच्या नावाचा निळा शर्ट घालून फिरतात. यापेक्षा मोठे सामाजिक काम एखादा क्रीडासंघ कोणते करणार?

तरीही क्लबला या मुद्द्यावर मी सोडणार नाही. कोल्हापुरात पेठापेठांचे आणि तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरून टाकतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. इतक्या जवळ इतकी तयार माती असताना आमच्या यादीत त्या भागातली नावे नसणे ही क्लबची उणीव आहे, आणि ती क्लबनेच भरून काढली पाहिजे.

आता माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. क्लब म्हणजे समभागांची टक्केवारी नव्हे. ६५ टक्के निघून गेले तेव्हा दोन शील्ड गेल्या नाहीत, दोन चषक गेले नाहीत, रियाधचा विजय गेला नाही, निळा रंग गेला नाही. २४ एप्रिल २०२४ चा उपांत्य सामना कोणत्याही करारात लिहिलेला नाही. त्या दिवशी फातोर्ड्याला आम्ही ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे होतो. मग छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे, असे तीन गोल झाले आणि आम्ही ३-२ ने जिंकलो. असा सामना एकत्र जगलेली माणसे हीच क्लबची खरी मालमत्ता. ती विकता येत नाही, म्हणून मालक गेल्याने ती जातही नाही. जे संघ महाराष्ट्रात मेले, त्यांच्यामागे त्यांचा हिशेब मागायला पुरेशी माणसे उभी नव्हती. मुंबई सिटीमागे ती आहेत आणि हाच या संघाचा त्यांच्यापेक्षा वेगळेपणा आहे.

संकट मात्र खरे आहे. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला, नव्या निविदेला एकही बोली आली नाही आणि २०२५-२६ चा मोसम वेळेवर सुरूच झाला नाही. खेळाडूंचे आयुष्यातले मोजके महिने वाया गेले. याचा जाब महासंघाला द्यावा लागेल. लीगचे वेळापत्रक दरवर्षी आधी ठरलेले असावे, एवढी साधी शिस्तही व्यावसायिक खेळात नसेल तर कोणता गुंतवणूकदार थांबेल?

मालकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. मुंबई, पालघर, रायगड आणि कोल्हापूर इथल्या मुलांसाठी अकादमीत ठरावीक जागा ठेवा आणि त्यातले कितीजण पहिल्या संघात आले ते दरवर्षी जाहीर करा. मैदानावरच्या घोषणा आणि क्लबचा चाहत्यांशी होणारा व्यवहार मराठीत करा. आणि क्लबविषयीच्या मोठ्या निर्णयांपूर्वी चाहत्यांच्या प्रतिनिधींशी बोला. महापालिकेकडे एकच मागणी आहे. अंधेरीचे मैदान फुटबॉलसाठी वर्षभर राखा आणि त्याची नीट निगा ठेवा.

उरलेले काम आपले आहे. रात्री जागून मँचेस्टर, लिव्हरपूल, माद्रिदचे सामने पाहणारे हजारो मराठी तरुण या शहरात आहेत. त्यांच्या प्रेमाला मी नावे ठेवत नाही; चांगला खेळ पाहणे हा डोळ्यांचा हक्कच आहे. पण ज्या संघाचे मैदान मेट्रोच्या आझाद नगर स्थानकाजवळ आहे, ज्याच्या हार-जितीत आपल्या आवाजाचाही वाटा असू शकतो, तो संघ एकदा तरी प्रत्यक्ष पाहा. घरचा सामना जाहीर झाला की तिकीट काढा, घरातल्या एका मुलाला बरोबर घ्या आणि अंधेरीला या.